लंगडी टिटवी

प्रोफेसर हेल्मेट न काढताच दुकानात शिरले आणि आतल्या आतच काहीतरी बोलले. कोपऱ्यातल्या स्टुलावर स्पर्शिकेचं प्रमेय घोकत बसलेल्या तिला फक्त हेल्मेटच्या काचेवर आलेली वाफ दिसली. “आधी ते मडकं उतरवा,” बाबा कानस न थांबवता म्हणाला. प्रोफेसरांनी हेल्मेट काढलं, तान्ह्या पोराला धरावं तसं मांडीवर धरलं आणि म्हणाले, “टिटवी विकली.” कानस थांबली. रस्त्यावरून बस गेली, भिंतीला टांगलेल्या गिटारी नेहमीसारख्या जराशा थरथरल्या, कुणाची तरी जाड तार उगाच गुणगुणली आणि गप्प झाली. तिच्या मनात पहिला विचार आला तो अगदी बावळट होता. विकली तर भिंतीवरची कुठली कमी झाली? तिने चक्क मोजल्या. अकराच्या अकरा होत्या. “अख्खी कंपनी विकली हो,” प्रोफेसर म्हणाले, “कारखान्यासकट, नावासकट, पक्ष्यासकट.” बाबाने विचारलं, “कुणाला?” “गादीवाल्यांना.” “कसल्या गादीवाल्यांना?” “झोपायच्या गाद्या. स्प्रिंगच्या. दहा वर्षं दबणार नाही म्हणतात ना, त्या.” बाबाने कानस फडक्यात गुंडाळली, मग काम अर्धंच राहिलंय हे लक्षात येऊन परत सोडवली, आणि सोडवलेली कानस हातात धरून कुठेच न बघता उभा राहिला. बाबाला कुठेच न बघताना तिने कधी बघितलं नव्हतं. त्याचे डोळे नेहमी कशावर तरी टेकलेले असायचे, मोडक्या मानेवर, गंजक्या तारेवर, नाहीतर तिच्या वाढलेल्या नखांवर.

टिटवी म्हणजे गिटार हे तिला अक्षरं कळायच्या आधीपासून माहीत होतं. पंख असलेली टिटवी पुढे पुस्तकात दिसली तेव्हा हिच्या तारा कुठे गेल्या, असं तिने बाईंना विचारलं होतं आणि वर्ग आठवडाभर तिला त्यावरून चिडवत होता. कंपनीचं खरं नाव लांबलचक, मालकाच्या आजोबांचं वगैरे. पण गिटारच्या डोक्यावर, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे, शिंपल्यातून कापलेली एवढीशी टिटवी बसवलेली असायची, म्हणून टिटवी. आणि टिटवीवाले ही एक वेगळीच जमात होती. दर रविवारी सकाळी दहाला ती बाबाच्या दुरुस्तीच्या दुकानात गोळा व्हायची. प्रोफेसर मुळात विमा एजंट, पण कुठल्याही विषयावर पाऊण तास बोलू शकायचे म्हणून प्रोफेसर. वेल्डरकाकांची बोटं गाजरांएवढी आणि वाजवणं मांजराच्या पावलांचं. कॅशियरबाई आठवडाभर काचेआड बसून कुणाला वावगा शब्द बोलायच्या नाहीत, आणि साठलेले सगळे टोमणे रविवारी इथे आणून रिकामे करायच्या. चौथी ती. ती चार वर्षांपूर्वी, बाराव्या वाढदिवसाला, आपली टिटवी घेऊन या जमातीत दाखल झाली तेव्हा प्रोफेसरांनी गिटारचं डोकं नाकाशी नेलं आणि त्यांचा श्वासच अडकला. “अहो, हिला एकच पाय आहे!” मग पाऊण तास. की पहिल्या वर्षी, साचा नीट बसायच्या आधी, कंपनीने एका पायावर उभ्या असलेल्या टिटव्या काढल्या होत्या म्हणतात. की जेमतेम चाळीस. की आपण लंगडी टिटवी फक्त ऐकून होतो. बाबा तेव्हा कुणाच्या तरी तारा बदलत होता. तो काहीच म्हणाला नव्हता. त्या दिवसापासून ती ‘लंगडीवाली’ झाली, आणि लंगडीवालीला वेल्डरकाका स्वतःची खुर्ची द्यायचे.

नवी कोरी गोष्ट अशी की आता तिला ती खुर्ची हक्काची वाटायला लागली होती. पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमात ती एकटी स्टेजवर गेली होती. ती, जी सातवीपर्यंत हजेरीलासुद्धा इतकं हळू ‘आहे’ म्हणायची की बाई तिला गैरहजर लावायच्या! पडद्यामागून ती दोनदा परत फिरली होती. पण मग तिने अंगठ्याने गिटारच्या डोक्यावरची टिटवी चाचपली, तो एकुलता एक पाय, आणि मनाशी म्हणाली, मी कोण का असेना, हातात चाळिसातली एक आहे. आणि वाजवलं. पहिली तार छेडली तेव्हा सभागृहातल्या शेवटच्या रांगेतला पंखासुद्धा आपल्यासाठी हळू झाला असं तिला वाटलं. तेव्हापासून तिची चालच बदलली होती. जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, वर्गात हात वर करून मोठ्याने चुकीची उत्तरं द्यायची आणि त्याची तिला लाज वाटायची नाही. आरशात बघून एकदा ती स्वतःलाच “काय म्हणतेस?” म्हणाली होती. आई बाहेरून ओरडली, “कोण आलंय गं?” आणि ती म्हणाली, “मी!”

त्या संध्याकाळी सगळेच जमले, रविवार नसून. बातमी अशी एकट्याने घरी घेऊन बसता येत नाही. वेल्डरकाका कामावरूनच आले होते, डोळ्यांभोवती चष्म्याचे गोल तसेच. ते म्हणाले, “आता काय, गिटार उशाला घेऊन झोपायचं.” कॅशियरबाई म्हणाल्या, “बरं आहे की, तुमचं वाजवणं ऐकून झोप येतेच, आता कंपनीनेच सोय केली.” पण त्याही आपल्या टिटवीच्या पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. प्रोफेसरांनी फोनवरचं वाचून दाखवलं. हाताने चिकटवणं बंद, यंत्र येणार. आतली पेन्सिलची नोंद बंद, छापील चिठ्ठी येणार. ‘परंपरा जपत नव्या युगात पाऊल.’ “पाऊल म्हणे!” प्रोफेसर गरजले, “गादीवर कसलं पाऊल? रुततं!” मग त्यांनीच ठराव मांडला. खानेसुमारी करायची. आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या टिटवीची एका वहीत नोंद, पोटातल्या शब्दासकट, आणि शेजारी तपासणाऱ्याची सही. सही बाबाची, कारण बाबा स्वतः त्या कारखान्यात होता आणि दुकानाच्या पाटीवर ‘अधिकृत’ लिहिलेलं होतं, आणि गेल्या वर्षी एका माणसाची चकचकीत टिटवी नुसती हातात घेऊन बाबा “ही नाही” म्हणाला होता आणि खरंच नव्हती. “रविवारी दहा वाजता,” प्रोफेसर म्हणाले, “आणि पहिला क्रमांक अर्थात लंगडीचा.” सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती हसली, मान ताठ करून. मग तिने बाबाकडे बघितलं. तो परत कुठेच बघत नव्हता.

पोटातला शब्द म्हणजे असं. गिटारच्या वरच्या फळीला आतून बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्याच आवाज पेलतात. चिकटवायचा सरस, आणि सरसाला हवेची फार नाटकं. म्हणून टिटवीच्या कारखान्यात पट्ट्या लावणारे कामगार काम झालं की फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने त्या दिवसाची हवा लिहायचे. ‘कोरडं.’ ‘दमट.’ पुढे कधी लाकूड तडकलं तर दुरुस्ती करणाऱ्याला कळावं, ही कुठल्या हवेत मिटली होती ते. आता तो शब्द गिटारच्या भोकातून आरसा घातल्याशिवाय दिसत नाही, आणि आरशात अक्षरं उलटी. तर हे लोक लिहायचेच उलटं! म्हणजे आरशात सुलट. बाबा त्यात पटाईत होता. ती पहिली-दुसरीत असताना डब्याच्या झाकणाखाली त्याची चिठ्ठी असायची, उजवीकडून डावीकडे ओढलेली शिरोरेषा, तिच्याखाली अक्षरं पाठमोरी उभी. ती स्टीलचं झाकण चड्डीला पुसून लख्ख करायची, चिठ्ठीसमोर धरायची, आणि झाकणात थरथरत उमटायचं: ‘घाबरू नको.’ कधी ‘भाजी टाकू नको.’ वर्गात कुणालाच ते वाचता यायचं नाही. आपल्याला आणि बाबाला एक वेगळी भाषा येते असं तिला तेव्हा वाटायचं, आणि मग तिसरी-चौथीत कधीतरी त्या चिठ्ठ्या बंद झाल्या. बाबाने लिहिणं सोडलं की तिनेच ‘आता पुरे’ म्हटलं, ते तिला काही केल्या आठवेना. आपल्या गिटारच्या पोटात काय आहे, हे तिने एकदाच विचारलं होतं. “दमट असेल,” बाबा म्हणाला होता. “बघू?” “उगाच कशाला तारा सैल करायच्या.” आणि तिला ते पटलं होतं, कारण बाबाने ‘असेल’ म्हटलं की ते असायचं.

शुक्रवारी दुपारी शाळेतून आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. आई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंची मदतनीस, ती सहाला यायची. घरात तिचाच एक दात बघायचा आरसा होता, लांब दांड्याचा, रुपयाएवढा, दवाखान्यातून बाद झालेला. पहिल्या क्रमांकावर जायचंय तर आधी आपणच बघून ठेवू, म्हणजे रविवारी सगळ्यांसमोर झोकात वाचता येईल, एवढंच तिच्या मनात होतं. खिडकीशी पलंगावर गिटार आडवी ठेवली, तारा सैल केल्या. त्या सैल होताना खालच्या आवाजात कुरकुरल्या. आरसा भोकातून आत सरकवला, फोनचा दिवा लावला. पोटात धूळ होती, तारा छेडायचा एक हरवलेला पिक होता, मांजराचा म्हणावा असा एक केस होता. मग पट्ट्या दिसल्या, पिवळसर, गुळगुळीत, बरगड्यांसारख्या. तिने आरसा इवलासा फिरवला. पेन्सिलची जाड, चपटी रेघ आली, आणि रेघेखाली सुलट, शांत, ओळखीचं अक्षर. दमट. म्हणजे ही बाबानेच चिकटवलेली! कारखान्यातल्या शेकड्यांतून नेमकी बाबाच्या हाताखालून गेलेली! तिचा आनंद छातीत मावेना. आरसा आणखी नखभर सरकवला. पुढे अजून होतं. ‘पहिला दात पडला.’

तिने ते दोनदा वाचलं. जिभेचं टोक आपसूक खालच्या दातांमागे गेलं. पहिला दात तिचा पडला तेव्हा ती पहिलीत होती. हे तिला पक्कं माहीत होतं, कारण वर्गात ‘स’ म्हणताना हवा सुटायची आणि बाईंना गंमत वाटायची. आणि कारखाना सहा तासांच्या रस्त्यावरच्या गावी हलला, बाबा आईच्या नोकरीसाठी मागे राहिला, त्याने दुकान टाकलं, तेव्हा ती तीन वर्षांची होती. दुकानाच्या उद्घाटनाच्या फोटोत ती त्याच्या कडेवर आहे आणि तिने पाटीला हात लावलाय. तीन आणि सहा. याला भूमिती लागत नव्हती. ही टिटवी नव्हती. ही कधीच टिटवी नव्हती. खालून भाजीवाल्याच्या गाडीचा भोंगा वाजला, कुणीतरी गॅलरीतून “थांबा हो” ओरडलं, आणि तिला एकदम फार भूक लागली, नंतर तीही गेली. तिने अंगठा नेहमीच्या जागी नेला, त्या एका पायावर. शिंपला गार होता. चाळिसातली एक. मग पंधरा दिवसांपूर्वी स्टेजवर कोण गेलं होतं? आणि शेवटच्या रांगेतला तो पंखा, तो कुणासाठी हळू झाला?

दात पडला तो दिवस तिला आठवायचा, पण नेहमी एकाच बाजूने. दुकानाच्या मागच्या खोलीत ती जमिनीवर बसली होती आणि बाबाची चपटी सुतारी पेन्सिल चावत होती. काहीतरी कट् झालं. पेन्सिलच्या पिवळ्या रंगावर लाल उमटलं, तळहातावर तांदळाएवढा दात, आणि ती किंचाळली होती. बाबा टेबलावर ओणवा होता. दोन्ही पंजे कशावर तरी पसरून दाबून धरलेले, कपाळाचा घाम नाकावर आलेला. तो उठला नाही. “बोटाने दाबून धर,” तो म्हणाला, “रडू नको, दाबून धर, मला हात काढता येत नाही.” ती रडत राहिली आणि तो तिथेच, पाच पावलांवर, नुसता बघत राहिला. किती वेळ ते आठवत नव्हतं. सहा वर्षांच्या मापाने एक अख्खी दुपार. हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही, पण मनाच्या तळाशी एक बारीक खडा होता आणि बाबावर रागवायची वेळ आली की तो हाताला लागायचाच: माझं रक्त येत होतं आणि बाबा उठला नाही. आता ती पलंगावर बसली होती आणि मांडीवरच्या फळीच्या पलीकडे ती दुपार होती. बाबाच्या पंजांखाली ही होती. सरस धरत होता. सुटली असती तर वाकडी झाली असती. आणि हात मोकळे झाल्यावर त्याने तीच पेन्सिल उचलली असणार, दातांच्या खुणांची, आणि सवयीने आधी हवा लिहिली असणार. आणि मग थांबला असणार. तिने त्या थांबण्याकडे आरशातून खूप वेळ बघितलं. पूर्णविरामानंतर थोडी मोकळी जागा होती.

आईला शनिवारी सकाळी विचारलं, तेही वाकड्या वाटेने. “आई, माझा पहिला दात कुठाय?” “माझ्या कपाटात, कापसात. जगाचे दात बघते मी, घरचा टाकीन होय?” आई केसांना पिन लावत होती, दोन पिना ओठांत. आरशातूनच तिने लेकीकडे बघितलं, तिच्या हातातल्या लांब दांड्याच्या आरशाकडे बघितलं, आणि पिना काढून म्हणाली, “बघितलंस वाटतं.” “तुला माहीत होतं?” “सहा वर्षं माळ्यावर होती ती, डोक्यावर पक्षी नव्हता तोवर. विकायला काढली नाही, वाजवली नाही. बारा वर्षांची झालीस आणि टिटवी पाहिजे, टिटवीच पाहिजे, म्हणून घर डोक्यावर घेतलंस. मी म्हटलं, अरे सांग पोरीला, मी केलीय म्हणून. म्हणे, तिला टिटवी हवीय.” “मग खोटं का बोलला?” “बोलला कुठे? तू विचारलंस, ही टिटवीच ना, आणि त्याने मान हलवली. तुझा बाप चार शब्द खरे बोलत नाही, खोटे कुठून बोलेल!” आई हसली, पण पर्स उचलताना थांबली. “उद्या तुझी ती मंडळी आरसा घालणार आहेत ना गं?”

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. ती स्टुलावर बसली, वही उघडली, मिटली. “बाबा, लंगडी खरंच पहिल्या वर्षाची असते?” “प्रोफेसर म्हणतात तसं.” “आणि तू?” “मी काय.” तो एका मानेवरची जुनी धातूची पट्टी उपसत होता, दात काढतात तशी, हळू, डोळे बारीक करून. पट्टी निम्मी बाहेर आली तेव्हा म्हणाला, “पाय केसाएवढा असतो. कापताना मोडतो. कंपनी टाकून द्यायची त्या.” “मग कुठे जायच्या?” बाबाने पायाने खालचा खण ओढला. खिळ्यांच्या डब्याशेजारी एक काडेपेटी होती. तिच्यात कापूस, कापसावर शिंपल्याच्या सात टिटव्या, सगळ्या एका पायाच्या. तिला हसू आलं. चाळीस म्हणे! “उद्या,” बाबा पट्टीकडेच बघत म्हणाला, “तू नाही आलीस तरी चालेल. अभ्यास आहे. मी सांगेन, गिटार उघडून ठेवलीय, जोड सुटलाय.” त्याचा आवाज नेहमीचा होता, पण हातातला पकडीचा जबडा उघड-मीट होत होता. तिला कळलं की बाबा घाबरलाय. हा शोध आरशातल्या शोधापेक्षा मोठा होता. गेल्या वर्षी दुसऱ्याची गिटार खोटी ठरवणारा माणूस, ‘अधिकृत’ पाटीखाली बसलेला, घरात मोडका पक्षी चिकटवून चार वर्षं गप्प. वहीत सही केली तर हाताने लिहिलेलं खोटं, नाही केली तर चारचौघांत नाक कापलं जाणार. तिला वाटलं, एक चिठ्ठी लिहावी, उलटी. पण तिला फक्त वाचता यायचं. लिहायला ती कधी शिकलीच नव्हती.

रविवारी दहाला ती गिटार घेऊन गेली. बाबाने दारातून तिला येताना बघितलं आणि टेबलाकडे पाठ करून बसला, कानस घेऊन. प्रोफेसरांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली होती, रकाने आखून. आरसा तिने घरून आणलेला, म्हणून तो तिच्याच हाती राहिला. “लंगडी शेवटी घेऊ,” ती म्हणाली. “का बरं?” “गोड शेवटी खातात.” कॅशियरबाई म्हणाल्या, “पोरगी शहाणी झाली हो, आमच्यात राहून सुद्धा.” प्रोफेसरांची टिटवी निघाली ‘कोरडं’ची. त्यांना किंचित वाईट वाटलं, मग त्यांनी कोरड्या हवेचे फायदे सांगितले. वेल्डरकाकांची ‘दमट, फार गरम’. “माझ्यासारखीच,” ते म्हणाले. कॅशियरबाईंच्या टिटवीत ‘दमट. लाईट गेली’ होतं. बाई हळूच म्हणाल्या, “अंधारात चिकटवली असेल का हो हिला?” “मेणबत्तीवर,” बाबा पाठमोराच म्हणाला. प्रत्येक नोंदीला तो उठायचा, आरशात डोकावायचा, सही करायचा आणि परत पाठ करून बसायचा. त्याची कानस आज एका लयीत चालत नव्हती. तिला दुकान फार स्पष्ट दिसत होतं, लाकडाचा भुसा, उन्हाच्या पट्टीत तरंगणारी धूळ, बाबाच्या मानेवरचा नुकता केस कापल्याचा पांढरा पट्टा. आज तिला परत फिरावंसं वाटत नव्हतं. तिने वाट बघितली, वाटलं नाही.

“आता लंगडी,” प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण दातांनी काढलं. तिने आरसा आत घातला. कानस थांबली. हे सोपं होतं, ‘दमट’ म्हणायचं आणि आरसा बाहेर काढायचा; सहीला बाबा आला की तोही तेवढंच बघेल, आणि दोघांची ती जुनी भाषा परत दोघांचीच राहील. तिने वाचलं, “दमट. पहिला दात पडला.” प्रोफेसर खुर्चीतून उठलेच. “ऐकलंत? कुणा कामगाराच्या पोराचा दात पडला, आणि त्याने तो इथे लिहून ठेवला! ही होती टिटवी! गादीवाले लिहितील असं?” वेल्डरकाकांनी नाक शिंकरलं. कॅशियरबाई म्हणाल्या, “केवढं झालं असेल हो ते पोर आता?” प्रोफेसरांनी बोटं मोजली. “पहिल्या वर्षीची गिटार, म्हणजे... पस्तीस धरा. टक्कल पडलं असेल.” सगळे हसले. बाबाचे कान मागून लाल झालेले तिला दिसले. इथेही थांबता आलं असतं. खरं वाचलं होतं, कुणी पकडलं नव्हतं, कुणाचं काही गेलं नव्हतं. फक्त त्या पोराला टक्कल पडलं होतं.

“सोळा,” ती म्हणाली. “काय सोळा?” “पस्तीस नाही. सोळा. तो माझा दात आहे.” तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा होता. “ही बाबाने केलीय. इथे मागे, त्या खोलीत. कारखाना गेल्यावर तीन वर्षांनी.” बस गेली. अकरा गिटारी थरथरल्या. वेल्डरकाका सावकाश म्हणाले, “म्हणजे चार वर्षं आपण डोळे मिटून ‘अस्सल टिटवी, अस्सल टिटवी’ म्हणत होतो ते...” “यांच्या हाताला,” कॅशियरबाई म्हणाल्या आणि बाबाच्या पाठीकडे बोट केलं. पण प्रोफेसर हसले नाहीत. त्यांचा चेहरा गोंधळलेल्या लहान मुलासारखा झाला होता. “पण पाय,” ते म्हणाले. “एकच पाय आहे की तिला.” मग त्यांनी वही मिटली, बोट आत तसंच ठेवून. “गेल्या वर्षी त्या माणसाची तुम्ही खोटी म्हणून परत पाठवलीत.” “खोटीच होती,” बाबा म्हणाला. “आणि ही?”

बाबाने कानस खाली ठेवली. भुश्याने माखलेले हात मांडीवर पुसले, एकदा, दोनदा. “ही पण,” तो म्हणाला. “ही टिटवी नाही. पक्षी मोडका होता, मी लावला. सांगायला हवं होतं. लिहा तसं, मी सही करतो.” मग तो स्टुलावरच वळला आणि चार वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत तिच्या गिटारकडे नीट, टेकून बघत राहिला, आणि मग तिच्याकडे. “दात खालचा होता,” तो म्हणाला. “डावीकडचा. तू रडत होतीस, आणि मला उठता आलं नाही.”

एवढं म्हणून बाबा उठला.